श्रावणाच्या आधीचा सावन

गणपतकाका मोराला मराठीतून शिव्या देतात.

मोर हा राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याला दगड मारणं गुन्हा आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ते दगड उचलत नाहीत. कुंपणापाशी उभे राहतात, दोन्ही हात मागे बांधतात आणि अगदी शांत आवाजात बोलतात, "मुडद्या, काल कोवळी अंबाडी खाल्लीस. आज मिरची. उद्या काय माझ्या ताटात बसणार हाईस?" मोर मान वाकडी करून ऐकतो आणि खात राहतो.

मी एकदा विचारलं, की काका, मराठीतच का? त्यांना माझा प्रश्न बाळबोध वाटला असावा. ते म्हणाले, "दिल्लीचा मोर हाय. हिंदी त्याला कळणार. उगा मन दुखवायचं कशाला?"

काका मूळचे सांगलीकडचे. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथीगृहात त्यांनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला. माझे वडील त्यांच्या हाताखाली होते, अजून तिथंच आहेत. आमचं घर एका खोलीचं. आई-वडील दोघंही सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळे मला अभ्यासाला बसवायचं काम काकांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांनाही फार येत होतं असं नाही. पण त्या समोर बसून शेंगा सोलायच्या आणि मी पुस्तकातून डोकं वर काढलं की नुसतं बघायच्या. मी आज कॉलेजात आहे त्यात त्या बघण्याचा वाटा मोठा आहे. म्हणून हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. काकांवर हसावं इतकी मी मोठी झालेली नाही. पण ते आहेतच असे, त्याला माझा इलाज नाही.

निवृत्त झाल्यावर काकांनी ग्रेटर नोएडाच्या पलीकडे एका खेड्यात छोटा तुकडा घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. मुलगा सुधीरदादा मयूर विहारला फ्लॅटमध्ये राहतो, तिथं जावं असं सगळ्यांना वाटत होतं. काकूंना मात्र पाय जमिनीला लागतील असं घर हवं होतं. त्या घरात त्या तीन वर्षं राहिल्या आणि गेल्या श्रावणात वारल्या.

मी महिन्यातून एखाद्या रविवारी जाते. मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे शेअर ऑटो. ऑटोवाल्याला "बंबईवाले चाचा" म्हटलं की तो दारात सोडतो. ही काकांची पहिली तक्रार. मुंबईला ते आयुष्यात दोनदा गेले, त्यातल्या एकदा गाडी बदलायला. पण तक्रार हा शब्द त्यांना चालत नाही. अतिथीगृहात अभिप्रायाची एक वही असायची आणि त्यात एका पाहुण्यानं लिहिलं होतं, "पिठल्यात मीठ कमी. तक्रार नव्हे, केवळ नोंद." ते वाक्य काकांना इतकं आवडलं की त्यांनी ते कायमचं उचललं. आता त्यांचा सगळा दिवस नोंदींचा असतो.

मी पोचले की पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि पाठोपाठ नोंदी. शेजारच्या सतबीरची म्हैस ह्यांच्या भिंतीला पाठ घासते, रंग गेला. गावात चहा मागितला की दूध देतात, त्यात चहापत्ती वाट चुकल्यासारखी एकटीच फिरत असते. गुडघ्यातून आवाज येतो, डाव्या. उजवा गप्प आहे, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणार. लाईट बरोबर मोटर लावायच्या वेळी जाते. आणि सगळ्यांत मोठी नोंद ही की इथं कुणी दार वाजवून आत येत नाही. एकतीस वर्षं घंटीवर उठलेला माणूस. त्यांनी फाटकाला मुद्दाम पितळी घंटा टांगली. माणसं ती न वाजवता आत येतात. वाजवते ती फक्त बकरी, आणि मग काका सवयीनं "जी साब" म्हणून बाहेर येतात.

काकू असताना ह्या सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं. "गाव हाय ते. तुमचं गेस्ट हाऊस न्हवं." मग त्या डोक्यावरून पदर घेऊन दिवेलागणीच्या आत कुठंतरी बाहेर जायच्या. काका ते विचारायचे नाहीत. त्या वेळी त्यांची फोडणी चालू असायची.

काकू गेल्यावर सुधीरदादा दर आठवड्याला येऊन एकच विचारायचा, "बाबा, इथं तुमचं कोण आहे?" शेजाऱ्यांशी त्यांचं नातं म्हशीपुरतं. शेवटी ठरलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबायचं आणि मग मयूर विहार. तोवर सामान थोडं थोडं हलवायचं. यंदाच्या जुलैतल्या एका रविवारी भांड्यांची पाळी होती. मी मदतीला गेले. दादा संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता.

आम्ही पातेली गोणपाटात बांधत होतो. प्रत्येक पातेलं बांधण्याआधी काका त्याची ओळख करून द्यायचे. ह्यात पन्नास माणसांचं होतं, ह्याला बुडाशी लागायची खोड आहे. मोठ्या पातेल्याची गाठ मारून ते म्हणाले, की फ्लॅटमध्ये हे ठेवायचं कुठं, सुनेनं आधीच विचारलंय. आणि पुढचं पातेलं ओढलं.

तेवढ्यात फाटक उघडलं. घंटा वाजली नाही, म्हणजे माणसं होती. पुढे सतबीर, त्याच्या खांद्यावर सतरंजी. मागे त्याची म्हातारी आई बिरमोताई, काठी टेकत. तिच्यामागे पदर ओढून घेतलेल्या सुना, दोघी-तिघी शेजारणी, पाच-सहा पुरुष. वीसेक माणसं असतील. कुणाच्या हातात दुधाची किटली, कुणाच्या हातात ताकाचं भांडं. सतबीरनं अंगणातल्या कडुलिंबाखाली सतरंजी अंथरली आणि सगळे बसले.

काकांनी सुतळी हातात धरून विचारलं, क्या हुआ?

बिरमोताई म्हणाली, "आज बरसी है ना तेरी घरवाली की. सावन बदी पंचमी. तूने ही तो बताई थी."

काकांनी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथं आषाढ होता. आषाढ वद्य पंचमी. काकूंची तिथी श्रावण वद्य पंचमी, तिला अजून अख्खा महिना होता.

चूक माझ्या हळूहळू लक्षात आली. आपला महिना अमावास्येनंतर सुरू होतो, इकडचा पौर्णिमेनंतर. आपल्याकडे आषाढाचा उरलेला पंधरवडा चालू असतो तेव्हा ह्यांचा सावन लागलेला असतो. काकूंच्या तेराव्याला बिरमोताईनं तिथी विचारली असणार, काकांनी आपली सांगितली असणार आणि घरच्या माणसाचा शब्द म्हणून तिनं ती वर्षभर बोटांवर धरून ठेवली, तिच्या हिशेबानं.

मला वाटलं सांगून टाकावं. वीस माणसांना चुकीच्या दिवशी बसवून ठेवायचं म्हणजे काय? मी तोंड उघडलं, "काका, ह्यांना—"

काकांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "पोरी, चुलीवर पाणी ठेव."

मग ते माझ्या आयुष्यात पहिल्यांदा गडबडले. घरात भाजी नव्हती, मिरची मोरानं खाल्लेली. एकतीस वर्षांत पाहुणा उपाशी गेला नाही आणि आज अंगणात वीस जण. त्यांनी दोन मिनिटं फडताळात हात घालून नुसतं उभं राहून विचार केला. हाताला बेसनाचा डबा लागला. लसूण होता. मोठ्या पातेल्याची गाठ मी नखांनी सोडवली. सतबीरच्या बायकोनं घरून बाजरीचं पीठ आणलं आणि सुनांनी रोट्या थापायला घेतल्या. काका त्यांना भाकरी शिकवायला गेले. त्या पदराआड हसल्या आणि रोट्याच थापत राहिल्या.

पिठलं झालं. पानांवर पडलं. सतबीरनं बोट लावून पाहिलं आणि आदरानं विचारलं, "चाचा, कढी गाढ़ी हो गई क्या?"

त्यांच्या पिठल्याला घट्ट झालेली कढी म्हटल्यावर काकांच्या चेहऱ्यावर एक मोठी नोंद उमटली. पण ते काही बोलण्याआधी बिरमोताईनं घास खाल्ला, हळूहळू चावला आणि म्हणाली, "अच्छा, तो ये है वो. इसी से घबराती थी बेचारी."

काकांनी विचारलं, कोण?

मग ते कळलं. काकू तीन वर्षं रोज दिवेलागणीला बिरमोताईच्या अंगणात जाऊन बसायच्या. मोडक्या हिंदीत बोलायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी सांगितलं होतं, की माझा माणूस पिठलं असं करतो की मोठे मोठे साहेब बोटं चाटतात, आणि मला लग्नापासून ते आवडत नाही. मग बिरमोताईकडे त्या वाटीभर कढी प्यायच्या आणि घरी येऊन पिठलं खायच्या.

"मैंने कहा, बता क्यों नहीं देती," बिरमोताई म्हणाली. "बोली, उनका मन टूट जाएगा. उनके पास और है क्या दिखाने को."

सतबीर आईला डोळ्यांनी खुणावत होता. काका हातात पळी घेऊन उभे. मला वाटलं आता ते आत निघून जातील. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली आणि खाली सतरंजीच्या कडेला बसले. लग्नाला किती वर्षं झाली ते मनात मोजत असावेत, कारण ओठ हलत होते. मग त्यांना हसू आलं, आधी नुसते खांदे हलले. डोळे त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं पुसले, ते कशानं भरले होते ते मी पाहिलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "और क्या बोलती थी?"

त्या संध्याकाळी सुधीरदादा आला तेव्हा अंगणात शेवटची पंगत बसली होती. दादानं सतरंजीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. मी त्याला बाजूला घेऊन तिथीचं सांगितलं. तो म्हणाला, अरे, मग कुणी सांगितलं का नाही? आणि भांडी?

काका म्हणाले, "आज न्यायची न्हाईत. खरकटी हाईत."

लोक गेल्यावर मी पातेलं घासत होते. काका शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तिची तीन वर्षांची संध्याकाळ ह्या लोकांपाशी हाय गं. माझ्यापाशी न्हाई." मी पातेलं पुन्हा एकदा घासलं.

महिन्यानं खरी तिथी आली, मंगळवारी. मी कॉलेजचे तास बुडवून गेले. सुधीरदादा आणि वहिनी सकाळीच आले होते, गुरुजींनी विधी केला, कावळ्याला पान ठेवलं. जेवायला आम्ही घरातलेच. पानात पिठलं नव्हतं. काकांनी कढी केली होती, पातळ.

चार वाजता दादानं परत विचारलं, "मग बाबा? ठरल्याप्रमाणे ना?" काका म्हणाले, बघू, ऊन उतरू दे.

ऊन उतरल्यावर त्यांनी हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. वहिनीनं पिशव्या उचलल्या. दादा गाडीची किल्ली घेऊन पुढे झाला. काका फाटकातून बाहेर पडले, गाडीच्या बाजूनं गेले आणि सरळ सतबीरच्या अंगणात शिरले.

तिथं बिरमोताई बाजेवर होती आणि खाली सुना, शेजारणी भाजी निवडत बसल्या होत्या. काकांना बघताच सगळ्यांचे पदर झरकन हनुवटीपर्यंत आले आणि बोलणं थांबलं. परका पुरुष, वडीलधारा. इकडची रीत तशी आहे. काका घुटमळले. मला वाटलं परत फिरतील. मग त्यांनी भिंतीकडची रिकामी बाज ओढली, उलटी फिरवली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले, तोंड म्हशीकडे. हळूहळू एकेक पदर मागे गेला.

दादा किल्ली हातात घेऊन फाटकातच उभा होता.

काका म्हशीकडे बघत म्हणाले, "हां ताई. बोलिए. मैं सुन रहा हूँ."