पाणी मुरतंय कुठे?

कोणतीही अडचण नीट समजून घेतली की ती अर्धी सुटते. उरलेली अर्धी घरातल्यांनी सोसायची असते.

हे तत्त्व निवृत्त विभागप्रमुखांनी जन्मभर पाळलं होतं. त्यामुळे खोल्या ऊबदार ठेवणारा आणि नळाला गरम पाणी देणारा बॉयलर ऐन थंडीत बंद पडून त्यावर ‘पाणी वाहत नाही’ असा लाल इशारा उमटला, तेव्हा ते मुळीच डगमगले नाहीत. (त्यांनी कोट घातला होता.)

“अहो, दुरुस्तीवाल्याला बोलावू का?” बायकोने विचारलं.

“तो काय करणार? दुरुस्त करून जाईल! दोष समजायचा राहूनच गेला मग.”

त्यांनी माहितीपुस्तिका उघडली. झडप बंद असणे, जाळीत गाळ साचणे, पंपाचा जोर ओसरणे, अशी कारणं होती. (पंपाबद्दल त्यांना विशेष जिव्हाळा वाटला.) खाली ‘प्रथम जाळी काढून धुवावी’ असंही छापलं होतं. ते त्यांनी वाचायचं टाळलं. उत्तर बघून गणित सोडवणाऱ्यांपैकी ते नव्हते.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं. आता हा वाक्प्रचार एकदा तोंडातून निघाला की यंत्र बाजूला राहतं आणि चौकशी माणसांची लागते. गरम नळ शेवटी कोणी सोडला होता?

“मीच रे,” दोन पांघरुणांतून त्यांची म्हातारी आई म्हणाली. “हात शेकले जरा. आता बोटं वळत नाहीत बघ. शेगडीवर तरी पाणी ठेवा कोणी.”

“आई, शेगडीवर पाणी तापवणं म्हणजे दोषावर पांघरूण घालणं.”

मग त्यांनी भिंतीवर आकृती लावली. निळे बाण आत, लाल बाण बाहेर. व्याख्यानाला शेजारीही आले. शेवटी सर्वांनी टाळ्या वाजवल्या, पण हातमोज्यांमुळे त्या ऐकू आल्या नाहीत. घरातल्या शंभर टक्के लोकांना (एकूण तीन) दोष समजला. आईला तर तो हाडांपर्यंत समजला.

संध्याकाळी धाकटी बहीण येऊन आईला आपल्या घरी घेऊन गेली. तिचा बॉयलर कसा चालतो, असं साहेबांनी मुद्दाम विचारलं.

“मला काय माहीत, दादा? बिघडला की माणूस बोलावते.”

साहेबांना तिची कीव आली. आई मात्र जाताना मागे वळून बघायलाही थांबली नाही.

आपण साहेबांना हसायला मोकळे आहोत. पण जाळी धुवायची आहे, हे तुम्हाला केव्हाच कळलं होतं. म्हातारीची बोटं वळेनाशी झाली, तेव्हाही तुम्ही पुढे काय होतं ते वाचत बसलात.