कोपरा दिसला पाह्यजे

देवरावभाऊंच्या मोबाइलचा टॉर्च लागलेला दिसला की आमच्या गल्लीतली माणसं आधी तोंड मिटतात. नाही मिटलं तर गेलात कामातून. "आ करा," म्हणतात, आणि तुम्ही पाहुणे असा नाहीतर दूधवाले, वाकून घशात बघतात. मग मान हलवून निकाल देतात, "पडजिभीच्या मांगं काईच दिसत नाई. सांगा बरं, डाक्टरले तरी काय दिसत असन?"

देवरावभाऊ अमरावतीच्या फळबाजारात संत्र्याचा हर्रास करतात. बोली चढवायची तर आवाज हवा, आणि त्यांचा आवाज दोन गल्ल्यांना पुरून उरायचा. रामराम घातला तरी भाव पुकारल्यासारखा वाटे. त्यांची हाक ऐकली की आमची ही गॅस बंद करून देवघरात जाऊन बसायची.

गेल्या हिवाळ्यात तो आवाज बसला. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. शेवटी इथल्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पडद्यावर दाखवलं, स्वरतंतूवर अगदी पुढच्या कोपऱ्याशी गाठ होती. लेसरनं काढायची, मग तपासायला पाठवायची, असं ठरलं.

दुसरा माणूस घाबरून गप्प बसला असता. भाऊ चौकशीला लागले. गाठ कोण काढणार यापेक्षा काढताना ती त्याला दिसणार कशी, हा त्यांचा प्रश्न. बाजारातली जन्माची सवय! चांगली फळं ढिगाच्या वर कोणीही मांडतो, म्हणून हे बोली लावण्याआधी हात घालून तळातलं फळ काढतात. "वरचं राहू द्या, खालचं दाखवा." आता तेच ते डॉक्टरांना म्हणू लागले.

अकोल्याचे डॉक्टर मायक्रोस्कोपनं ऑपरेशन करत. लेसर त्यालाच जोडलेला, हात दोन्ही मोकळे, आणि दोन्ही डोळ्यांनी बघायचं म्हणून खोली नीट कळते. पण बघायचं सरळ नळीतून, म्हणजे कोपरा सुटायची भीती. इथले डॉक्टर तिरप्या दुर्बिणीवर कॅमेरा लावत. तिला कोपऱ्यातलं दिसतं, पण पडद्यावरचं चित्र सपाट, आणि एक हात तिला धरण्यात अडकलेला.

"एकाले खोल दिसते, एकाले कोपरा," भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "अन् माही गाठ खोलबी हाय, कोपऱ्यातबी हाय. कोनाकडे जाऊ, सांगा मास्तर."

मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. मला काय कप्पाळ कळणार? पण उत्तर त्यांना नकोच असायचं. सकाळच्या एसटीनं अकोला, संध्याकाळी परत. एकदा तर ऑपरेशनला म्हणून निघाले आणि अर्ध्या वाटेत मूर्तिजापूरला उतरून माघारी आले. "मन नाई मानलं," म्हणाले. इकडे बाजारात हर्रास दुसराच कोणी पुकारू लागला होता. मला त्यांचा खरोखर राग आला.

शेवटी मीच त्यांना अकोल्याला घेऊन गेलो. भाऊंनी डॉक्टरांपुढे दोन्ही पद्धतींचे गुणदोष मांडायला घेतले. ते दम खायला थांबले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काका, कापणार मायक्रोस्कोपखाली. मग तिरपी दुर्बीण घालून कोपरा तपासणार. माझ्याकडे दोन्ही आहेत. मागच्या खेपेलाच सांगणार होतो, पण तुम्ही बोलू दिलं नाहीत."

आता पळायला निमित्तच उरलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "आवाज नाई राह्यला त मले बजारात कोन बोलावन, मास्तर?" मी उठून पाणी आणून दिलं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. "घरी कोणी विचारलं तर हातानं सांगा." भाऊंनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. घरी विचारणारं कोण होतं? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

दवाखान्यातून घरी आले त्याच संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. दुसऱ्या दिवशीही आले. बसतात कसले! उठत, चपला सरळ लावत, फाटकापर्यंत जाऊन परत येत. वैतागून हिनं त्यांच्यापुढे मेथीची जुडी टाकली, तर निवडून दिली. मग रोज ही बोलू लागली आणि ते भाजी निवडत माना डोलावू लागले. "इतकं आयकून घेनारा मानूस या घरात पयलांदाच आला," असं मला ऐकवूनही झालं.

बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी ते अकोल्याहून थेट आमच्याकडे आले. आता हर्रास सुरू होणार म्हणून मी सावरून बसलो. पण ते फाटकापाशीच घुटमळले. आवाज स्वच्छ होता, हलका, अनोळखी.

"वयनी, आता मले बोलता येते," ते म्हणाले. "तरी उद्या येऊ का?"