आठ किलोच्या आतला अ‍ॅम्प

जुना तेवीस किलोचा अ‍ॅम्प्लिफायर जिन्यावरून चढवताना माझी कंबर धरली, ती नेमकी दुसऱ्या मजल्यावर. तिथून मला आणि अ‍ॅम्पला वेगवेगळं वर आणावं लागलं. (आधी अ‍ॅम्प आणला.)

"नवा घ्या, हलका घ्या," बायको म्हणाली. "पण आठ किलोच्या वर एक ग्रॅम जरी भरला, तर तो परत जाईल आणि मागोमाग गिटारही विकायची. वजन मी स्वतः करणार."

आली का पंचाईत! शनिवारी आमच्या साहेबांचा निरोप समारंभ. साहेब स्वतः गाणार आणि साथीला गिटारवर मी. पण मी पडलो पार्सल ऑफिसातला कारकून, वजन म्हणजे माझा प्रांत. ऑफिसातला हुकाचा काटा पिशवीत घालून थेट दुकान गाठलं आणि एकेक अ‍ॅम्प टांगायला सुरुवात केली.

"अहो, लोक अ‍ॅम्प ऐकून घेतात हो!" दुकानदार काकुळतीला आला.

"ऐकतो ना. आधी वजन."

अकरावा अ‍ॅम्प सात किलो चारशे भरला. त्याला सोबत नेलेली गिटार आणि माझी तिन्ही पेडल्स जोडली. पायाने एक दाबलं की सूर घुमतो, दुसरं दाबलं की फाटतो, तिसऱ्याने काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

"याचा आवाज साफ आहे. पेडल देईल तेच बाहेर येतं, पदरचं काही घालत नाही," दुकानदार म्हणाला. असा स्वभाव आमच्या अख्ख्या घराण्यात नाही. लगेच घेतला.

घराच्या दारात लक्षात आलं, विजेचा अडॅप्टर वेगळा आहे आणि तो तोलायचाच राहिला. तो ठोकळा काट्याला लावला. नऊशे ग्रॅम! म्हणजे एकूण आठ किलो तीनशे. ठोकळा चपलांच्या कपाटातल्या जुन्या बुटात कोंबला आणि साळसूद चेहऱ्याने आत गेलो. हिने अ‍ॅम्प तोलला आणि चक्क "शाब्बास" म्हणाली. त्या शाब्बासकीने मी इतका फुगलो, की शनिवारी गिटार, पेडल्स, झाडून सगळं घेतलं आणि बुटातला ठोकळा तेवढा विसरलो.

हे कळलं थेट स्टेजवर. समोर तीनशे माणसं, पहिल्या रांगेत बायको.

"करायची ना सुरुवात?" साहेब कुजबुजले.

"एकच मिनिट, सर."

"हे तिसरं मिनिट आहे!" म्हणत साहेबांनी गाणं सुरूच केलं, बिनसाथीचं. आता बोलावं तर गिटार जाते, गप्प बसावं तर अब्रू. शेवटी रांगतच स्टेजच्या कडेला गेलो.

"अगं, ते... बुटात..."

हिने शांतपणे पर्स उघडून ठोकळा माझ्या हातात ठेवला. "नऊशे ग्रॅम. परवा बूट पुसायला काढले, तेव्हाच तोललाय."

"मग आधी का नाही दिलास?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

"आणि गिटार?"

"आधी वाजवा. घरी बोलू."

प्लग लावला आणि दुसऱ्या कडव्यात घुसलो. तिन्ही पेडल्स दाबून, जीव ओतून वाजवलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी मला मिठीच मारली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इतकी वर्षं गातोय," ते म्हणाले, "पण आज पहिलं कडवं जसं रंगलं ना, तसं कधीच रंगलं नव्हतं!"

ही ते ऐकत होती. घरी जाताना म्हणाली, "गिटार राहू द्या. विकायची काही गरज नाही. अडॅप्टर तेवढा माझ्याकडे द्या."