चालण्याचा उपास

"मंदे, रोज अर्धा तास झपझप चाल. आणि वजन वाढू देऊ नकोस. एवढं माझ्यासाठी कर."

वासंतीताईने हे सांगितलं तेव्हा तिच्या डोक्याला रुमाल होता. स्तनाच्या कर्करोगाने तिचे केस नेले होते, पण ताईपणा नेला नव्हता. डॉक्टरीणबाईंना तिनेच धाकट्या बहिणीसाठी विचारून घेतलं होतं. हमी कशाचीच नाही, पण चालतंफिरतं राहिलं, पाळी गेल्यावर वजन आटोक्यात ठेवलं, तर धोका कमी होऊ शकतो. मंदाकिनीबाईंनी तिचा हात धरून शब्द दिला.

ताई गेली. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मंदाकिनीबाईंनी देवापुढे पळीभर पाणी सोडून चालण्याचा संकल्प केला. पण सदाशिव पेठेत चाळीस वर्षं नेमधर्म केलेल्या बाईला कोरडा संकल्प कसा रुचावा? व्रत म्हटलं की उपास आला. चालायचं सहा दिवस, म्हणून उपासही सहा दिवस. रविवारी दोन्हीला सुट्टी.

समोरच्या सुशीलाबाईही आनंदाने सामील झाल्या. पहिल्या दिवशी दोघी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी वाटेत सारसबागेच्या गणपतीला टेकल्या. तिसऱ्या दिवशी सुशीलाबाईंच्या पिशवीतून नैवेद्य दाखवलेले साबुदाणेवडे निघाले. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? चौथ्या दिवशी मंदाकिनीबाईंनी साजूक तुपातले रताळ्याचे काप नेले, कारण नुसतं घेत राहणं बरं दिसत नाही. पुढच्या आठवड्यात पायथ्यापर्यंत जाणंच मागे पडलं, आणि पोट जड झाल्यामुळे परतताना रिक्षा करावी लागू लागली. अडीच महिने नेम मात्र एक दिवस चुकला नाही.

मग नवं ब्लाउज आलं, आणि ते दंडातच अडकलं. मंदाकिनीबाई तडक संभाजी टेलरच्या दुकानात गेल्या आणि कापड कुठे गेलं म्हणून हळू आवाजात पण स्पष्ट विचारलं. संभाजीने मापाचं जुनं ब्लाउज नव्यावर पसरलं. तसूभरही फरक नव्हता.

"काकू, हे जुनं घालून बघितलंत का एवढ्यात?"

बघितलं नव्हतं.

"मग कापड माझ्याकडे नाही. दोन इंच पुण्य वाढलंय तुमचं."

घरी सुनेने, श्रद्धाने, वजनकाटा पुढे सरकवला. पूर्ण चार किलो जास्त.

"आई, दिवसभरात खाता काय तुम्ही?"

"काही नाही गं. उपास असतो ना."

श्रद्धाने एकेक विचारून घेतलं. खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू, रताळं. मग ती एवढंच म्हणाली, "मावशींनी चालायला सांगितलं होतं. उपास करायला कुठे सांगितलं होतं?"

मंदाकिनीबाईंनी ताईच्या फोटोकडे बघितलंच नाही. धरलेला उपास सोडायचा कसा, म्हणून त्यांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "उद्यापन करा. पाच सवाष्णींना पुरणपोळीचं जेवण घाला."

"म्हणजे अजून पाच जणींची ब्लाउजं अडकणार," श्रद्धा आतून म्हणाली.

संध्याकाळी दिवा लावताना त्यांना लहानपणची पर्वती आठवली. श्रावणी सोमवारी दोघी बहिणी परकराच्या ओच्यात मूठभर दाणे घेऊन पायऱ्या चढायच्या. ताई नेहमी दहा पायऱ्या पुढे, आणि वळून म्हणायची, "बसायचं वर गेल्यावर." त्या दिवसांत उपासाला एवढंच लागायचं.

त्यांनी पळीभर पाणी सोडलं. उपास देवाला परत केला, चालणं ठेवून घेतलं.

सकाळी बेसनाचं एक धिरडं खाऊन त्यांनी हलकेच कडी लावली. सारसबाग टाळायची, सुशीलाबाई टाळायच्या, म्हणून त्या उलट दांडेकर पुलाच्या वाटेला लागल्या. कोपऱ्यावर एक ओळखीची पाठमोरी बाई झपाझप चालली होती. खांद्याला पिशवी नव्हती.

"सुशीलाबाई, तुम्ही इकडून?"

सुशीलाबाई दचकल्या. मग पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, "मीही संभाजीकडेच टाकते हो ब्लाउज."

दोघी जोडीने निघाल्या. पर्वती दिसू लागली तशी मंदाकिनीबाईंनी पावलं उचलली. बसायचं ते वर गेल्यावर.