कोबीतली आळी

कोबीला अळी लागल्यास उत्पादकाने सात दिवसांच्या आत अर्ज करावा, असा नियम आहे. अळीला तो नियम कोणी कळवलेला नाही, त्यामुळे ती मंजुरीची वाट न पाहता खायला लागते. तात्यांच्या तुकड्यावर तीन दिवस आभाळ दाबून राहिलं आणि चौथ्या दिवशी सकाळी कोबीच्या पानांची चाळण झालेली होती. गड्डे भरायला अजून पंधरा दिवस होते. तात्या आणि काकूंचं वर्ष याच तुकड्यावर निघायचं, म्हणून तात्या धुतलेला सदरा घालून भाजीपाला संरक्षण कक्षात गेले. औषध तिथेच मिळायचं, तेही मंजूर अर्जावर.

"माझ्या कोबीत अळी शिरली आहे, बंदोबस्त व्हावा," तात्यांनी सांगितलं. खिडकीमागच्या बाईंनी ते संगणकावर उतरवलं आणि कागद पुढे केला. तात्यांनी चष्मा चढवला.

"बाई, हे 'आळी' झालंय. काना जास्त पडलाय."

"'अळी' टाकलं की खाली लाल रेघ येते, काका. 'आळी'ला येत नाही. मशीनला जे चूक दिसतं ते मी कसं पाठवू?"

"अहो, पण आळी म्हणजे गल्ली!"

"साहेबांना कळतं सगळं. सही करा, मागे रांग आहे."

साहेबांना खरंच सगळं कळलं. कोबीत गल्ली शिरल्याचं वाचून त्यांनी अर्ज त्याच दिवशी रस्ते विभागाकडे वर्ग केला. एवढी तत्परता त्या कार्यालयाने स्वतःच्या निरोपसमारंभांनाही दाखवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी रस्ते निरीक्षक फीत घेऊन हजर झाले. तात्या घरी नव्हते. औषधवाले आले असं समजून काकूंनी त्यांना थेट वाफ्यांत नेलं. काकू 'अळी'च म्हणत होत्या, पण निरीक्षकांचे कान हातातल्या कागदाप्रमाणे ऐकत.

"आळी कुठे आहे?"

"ही काय, पानांखाली."

निरीक्षकांनी लिहिलं, 'आळी कोबीखाली दबलेली आहे.'

"कुठून कुठे जाते?"

"बांधाकडून आत आली, नि आता पार पलीकडच्या कुंपणापर्यंत गेलीय बघा."

"नवीन आहे का?"

"नवीन कसली मेली! दरवर्षी असतेच."

निरीक्षकांनी 'पूर्वापार वहिवाट' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"लवकर काहीतरी करा हो," काकू काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"दहा दिवसांत मोकळी करून देतो," निरीक्षक म्हणाले. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि वर आभारही मानले.

त्याच आठवड्यात गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारांनी निम्मा कोबी ठेचला. तात्या भिजलेल्या कागदांसह गारपीट कक्षात गेले. तिथल्या कारकुनाने पडद्यावर पाहिलं.

"इथे तर आळी आहे. रस्त्याला गारांनी काय होतंय?"

"पण त्यावर कोबी आहे ना!"

"मग ते अतिक्रमण. गारांनी आमचं निम्मं काम केलं म्हणायचं."

आता उरलेला निम्मा कोबी एका कान्यावर अडला होता. काना घालायचा अधिकार खिडकीला होता, काढायचा मात्र वरच्या कार्यालयाला. इथे कधीही आळी नव्हती, असं पाच शेजाऱ्यांनी सहीनिशी दिलं तर काना काढू, असं वरच्यांनी कळवलं.

तात्या मोठ्या आशेने आधी सरांकडे गेले. सर निवृत्त भाषाशिक्षक. दुकानांच्या पाट्यांवरच्या वेलांट्या वाचून त्यांचा रक्तदाब वाढत असे. कागद वाचताच ते लालबुंद झाले.

"एका कान्यापायी एवढा अनर्थ! भाषेचा गळा घोटला हो या लोकांनी!"

"मग सही करता ना, सर?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं. खिडकीतून कोबीच्या पलीकडे पाहिलं. टोपण परत लावलं.

"तात्या, मला फार वाईट वाटतंय. पण आळी झाली तर बसथांबा सात मिनिटांनी जवळ येतो."

उरलेल्या चार घरांनीही चहा दिला, हळहळ दिली, सही दिली नाही. तिथेही हिशोब सात मिनिटांचाच होता. एका वहिनींचा पाचच निघाला, त्या झपाझप चालतात.

सोमवारी रोलर आला. काकू त्याच्या पुढे पुढे धावत हाताला लागतील ते गड्डे पिशवीत भरत होत्या. अकरा भरले. तात्या बांधावर उभे राहून रडले, आणि आपण या लोकांसमोर रडतोय याचाच त्यांना जास्त राग आला.

महिन्याभरात डांबर पडलं, दिवे लागले, पाटीही लागली. रंगाऱ्याने घाईत एक काना खाल्ला आणि पाटीवर आलं, 'कोबी अळी'. त्यावर मात्र सगळी वसाहत पेटली. आम्ही काय किडे आहोत? भाषेची काही चाड? सरांनी स्वतः निवेदन लिहिलं, एका संध्याकाळी बावन्न सह्या झाल्या आणि दोन दिवसांत काना बसला.

सह्यांचा तो कागद कार्यालयात जपून ठेवला आहे. भाषेवर मनापासून प्रेम करणारी सगळी नावं त्यात आहेत. तुम्हीही खिडकीतल्या त्या बाईंना मघाशी हसलात. तुमची सही कितवी, तेवढं एकदा जाऊन बघून या. आळीतून गेलात तर सात मिनिटं वाचतील.