गणपतरावाच्या इंजिनाचे वीस रुपये

नत्थूजींच्या तोंडाजवळ नाक नेऊन अनुसयाबाईंनी वास घेतला. नेहमीप्रमाणे काही सापडलं नाही.

"खर्रा खाल्ला?"

"खाल्ला," नत्थूजी म्हणाले.

"मंग वास काहून नाही येत?"

"बडीशेप खाल्ली वरून."

"वीस रुपये गेले नं?"

"गेले."

दर महिन्याच्या एक तारखेला हे असंच चालायचं. तंबाखू-सुपारीच्या त्या खर्र्यापायी नवऱ्याच्या खिशातून वीस रुपये कमी व्हायचे, अनुसयाबाई दुपारपर्यंत तोंड चालवायच्या आणि नत्थूजी मान खाली घालून ऐकून घ्यायचे. इतक्या शहाण्यासारखं ऐकून घेणारा खर्रा खाणारा अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल.

लकडगंजच्या पलीकडच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत अनुसयाबाईंची विजेवरची चक्की होती. वीस वर्षांत एकाही बाईचं दळण इथून न दळता परत गेलं नव्हतं, आणि हे अनुसयाबाई प्रत्येक दळणाबरोबर ऐकवत. गल्लीच्या तोंडाशी गणपतरावाची गिरणी. त्याचीही विजेवरच चालायची, पण मागच्या शेडमध्ये त्यानं वडिलांच्या वेळचं डिझेल इंजिन तेलपाणी करून जपलं होतं. वीज गेली तर त्यावर दळून द्यायचं आणि त्यासाठी दर घरामागे महिन्याला वीस रुपये घ्यायचे, असा त्याचा बेत होता.

"बंद इंजिनाचे पैसे?" अनुसयाबाईंनी त्याला भर गल्लीत विचारलं होतं. "उद्या म्हणसान, न आलेल्या पावण्याले चहा पाजा!"

बाया पदराआड हसल्या. एकीनंही पैसे दिले नाहीत. गणपतराव शेडमध्ये जाऊन इंजिनावरची धूळ पुसत राहिला.

मग गल्लीत नवीन मीटर लागले. सून दामिनी बारावी शिकलेली. तिनं बिल वाचून सांगितलं, "आई, आता सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत वीज थोडी स्वस्त हाये. दिवसा उन्हापासून वीज बनते म्हणून."

"उन्हापासून?" अनुसयाबाईंनी वर पाहिलं. "मंग सगळ्यात स्वस्त बाराले असंन. तवा सूर्य डोक्यावर राह्यते."

"नाही आई, नऊ ते पाच एकच भाव हाये."

"तुह्या कागदावर असंन. बाजारात माल जास्त आला का भाव पडते का नाही? बाराले ऊन जास्त. झालं!"

आणि अनुसयाबाईंना कळलेली गोष्ट गल्लीला कळल्याशिवाय राहत नसे. दोन दिवसांत बावीस घरांनी ठरवून टाकलं की मोटर, कपड्याची मशीन, इस्त्री, मिक्सर, जे काय लावायचं ते बारालाच. मे महिना, कूलर तर सगळ्यांकडे चालूच. पहिल्या दिवशी पंखे आळसावल्यासारखे फिरले. दुसऱ्या दिवशी खांबावरचा फ्यूज उडाला.

"वीजवाल्यायचा माल स्वस्त, म्हणून हलका," अनुसयाबाईंनी निकाल दिला.

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायजाबाईच्या नातवाचा साखरपुडा होता. जेवायला लंबी रोटी. त्या रोटीचे गहू धुऊन, ओलसर ठेवून दळावे लागतात, तेव्हा पीठ चिवट होतं आणि रोटी हातावर कोपरापर्यंत पसरते. पण उन्हाळ्यात ओले गहू थांबत नाहीत, दुपार उलटली की आंबूस वास मारतात. बायजाबाईनं वीस किलो गहू सकाळी आठलाच आणून टाकले होते. उलट्या मडक्यावर रोट्या टाकणाऱ्या बाया चार वाजता येणार होत्या.

नऊ वाजता दामिनी म्हणाली, "आई, लावू का चक्की?"

"बारा वाजू दे."

"पण ओले गहू..."

"मी तुह्या वयाची होती तवापासून दळून राहिली. बारा वाजू दे!"

बारा वाजले. अनुसयाबाईंनी चक्कीचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी एकवीस घरांत एकवीस बोटांनी कसली ना कसली बटणं दाबली. चौकातल्या डीपीतून, साऱ्या गल्लीला वीज वाटणाऱ्या डब्यातून, आधी गुरगुर आली, मग ढम्म असा आवाज, मग धूर. सगळे कूलर एकदम मुके झाले.

तासाभरानं वीजवाला पोरगा आला. डीपीभोवती फिरून त्यानं कपाळावर हात मारला.

"काकू, जळाली. नवीन आणा लागते. उद्या होईन. पण तुमी सगळ्यायनं एकदम काहून लावलं?"

एकवीस घरांतल्या बायांनी अनुसयाबाईंकडे पाहिलं.

"तिकडं मौद्याले डोंगराएवढा कोळसा जाळता," अनुसयाबाई उसळल्या, "अन् आमच्या चार मोटरी झेपत नाही तुमाले?"

"मौद्याची वीज ह्या डब्यातूनच येते नं काकू."

घरी परत येऊन अनुसयाबाईंनी गव्हात हात घातला. गहू गरम लागले. बोटं नाकाशी नेली. अजून आंबूस नव्हते, पण तासाभरात झाले असते. तेवढ्यात बायजाबाई दारात.

"झालं का वं पीठ?"

"होऊन राहिलं. चारच्या आत तुह्या घरी."

"पण लाइन तं..."

"वीस वर्षांत कोणाचं दळण परत गेलं का माह्याकडून? जा, पावण्यायचं पाह्य!"

बायजाबाई वळली आणि अनुसयाबाईंनी भराभर गहू पोत्यात भरले. दळण परत गेलं तर साखरपुड्याला आलेली दीडशे माणसं विकतच्या पोळ्या खाणार आणि प्रत्येक घासाला त्यांचं नाव घेणार. आजूबाजूच्या गिरण्याही याच डीपीवर. "अवो," त्यांनी नत्थूजींना हाक मारली, "पोतं घ्या सायकलवर."

"कुठं?"

"विचारू नका."

नत्थूजींनी विचारलं नाही. सायकल आपणहून गणपतरावाच्या गिरणीकडे वळवली, तेव्हाच अनुसयाबाईंना संशय यायला हवा होता.

गणपतराव शेडमध्ये बशीतून चहा पीत होता.

"गणपतराव, हे दळण लावा लवकर."

"कोणाच्या नावावर, वहिनी?"

"नाव कायले पाह्यजे? गहू हाये, दळा."

"इंजिन नाववाल्यायसाठी हाये. पुरी गल्ली वीस रुपये देणार होती, तुमीच नाही म्हणाले लावलं."

"शंभर घ्या!"

"आज शंभर देसान. पण मी बाराही महिने तेल घालून राहिलो, तवा कुठं होते हे शंभर? एक जण दर महिन्याले बरोबर देते. त्याचा हक पहिला."

"कोण हाये तो येडा?"

गणपतरावानं वही पुढे केली. अनुसयाबाई दुसरीतूनच शाळा सोडलेल्या. पण बँकेत, रेशनला सही करून करून आपल्या नावापुढचं एक नाव त्यांना न अडखळता वाचता यायचं, आणि वहीच्या पानावर तेच एक नाव बारा वेळा होतं. नत्थूजी.

त्या वळल्या. नत्थूजी सायकलच्या घंटीकडे बघत होते.

"म्हणजे खर्रा?"

"नाही खाल्ला."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"इंजिनाचं सांगितलं असतं तं तू बंद केलं असतं," नत्थूजी हळूच म्हणाले. "खर्र्याले तू शिव्याच देतं."

गणपतरावानं खोकला आल्यासारखं केलं आणि हँडल फिरवलं. इंजिन दोनदा कुरकुरलं, मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भडभडू लागलं.

चारला दहा मिनिटं असताना पीठ बायजाबाईच्या ओसरीत पोचलं. तिनं मूठभर घेऊन हुंगलं.

"डिझलचा वास येऊन राहिला वं अनुसया."

"आत्ताच ट्रक गेला दारातून," अनुसयाबाई म्हणाल्या. "रोट्या टाक गुपचूप."

पुढच्या एक तारखेला अनुसयाबाईंनी आपणहून वीसची नोट नत्थूजींच्या हातावर ठेवली. इंजिन हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.

"घ्या. खर्र्याचे."

अर्ध्या तासानं नत्थूजी आले, ते गाल फुगवूनच. अनुसयाबाईंनी वास घेतला आणि मागे सरकल्या. खर्राच होता, चांगला घोटलेला.

"अवो, इंजिनाचे दिले का नाही?"

"तू खर्र्याचे म्हणली," नत्थूजी तोंड वर करून म्हणाले.

दुसरी नोट कमरेला खोचून त्या स्वतःच निघाल्या. गणपतरावाच्या दारात बायांची रांग होती. सगळ्यांत पुढे बायजाबाई.

"जुन्यायले वीस, नव्यायले तीस," गणपतराव वहीत मान घालून सांगत होता. "इंजिन एकच हाये बाई, मांगणारे वाढले."

रांग सरकली. अनुसयाबाईंचा नंबर आला. सगळ्या गल्लीनं कान टवकारले.

"बोला वहिनी. नवीन का जुने?"

अनुसयाबाईंनी पदर नीट केला. मागे वळून एकदा सगळ्यांकडे असं पाहिलं, की हसू आलेल्या दोघींनी ते गिळून टाकलं.

"जुने," त्या ठणकावून म्हणाल्या. "वर्ष झालं भरून राहिलो आमी." आणि वहीतल्या त्या एकाच नावावर बोट ठेवून त्यांनी विसाची नोट पुढे केली.