भोयांनी हाक परत मिळविली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. लेकरांनी मांडी घालोन बसावे, थोरांनी हुंकार द्यावा. शके सोळाशें पंचाण्णव, विजयनाम संवत्सरी, एके राज्यी पालखी वाहणारे भोई बहुत होते. त्यांची रीत ऐशी की पुढला भोई पायाखालची वाट न्याहाळी आणि "डावा खड्डा, उजवा धोंडा" ऐशी गाऊन हाक देई, आणि मागल्यास पालखीआड काही दिसेना, तो हाकेवर पाऊल टाकी. मग सभेतील मानकरी म्हणो लागले, हाकेने पालखीतली झोप मोडते, आणि सभेने हाकबंदीचा कायदा केला. तेणेंकरून मागले भोई ठेचकाळों लागले आणि सटवोजी भोयाचा भाऊ पाय मोडोन घरी बसला. सटवोजीही मागलाच. त्यास धास्ती पडली की आता आपली पाळी.

भोयांचा संघ मजुरी ठरविणाऱ्या दिवाणजींकडे गेला. दिवाणजी बोलिले, "मजुरीचे बोला, ऐकतो. कायदा सभेचा, आणि सभा पेठांनी निवडावी. माझे हाती काय?"

परततां सटवोजी बोलिला, "आपण भांडतो या दारी आणि कायदा होतो त्या दारी. तेथे आपले कोण?"

पुढला भोई रायाजी हसोन म्हणाला, "सटव्या, तूं सभेत बसलास तर खांदा कोण देईल?"

"मी कशाला बसतो? हाक मोकळी करील त्यास बसवूं."

मग संघाची पेटी आजाऱ्यांच्या मदतीची, तीस हात न लावितां, राजीखुशीने देईल त्याचेंच घेऊन निराळी पेटी आणि निराळी मंडळी उभी केली, आणि प्रत्येक उमेदवारास पुसिले, हाकेचे काय करणार? मानाजीशेट कासार बोलिले, "मोकळी करीन." मग बंदी पालखी वाहतांना हाक देण्याची, रिकाम्या खांद्याने गाण्याची नव्हे, हे जाणोन भोई पेठोपेठी गात फिरले, "डावा खड्डा, उजवे मानाजीशेट!" आणि पोरेसोरे मागे गात निघाली, आणि जुने मानकरी निजले ते निजलेच, आणि मानाजीशेट साथीदारांसह निवडून आले, आणि पहिलेच बैठकीस बंदी उठली. दुसरे दिवशी रायाजीने हाक दिली, "डावा खड्डा, सटवोजीबाबा, जपोन," आणि सटवोजी मान ताठ ठेवोन खड्डा टाळोन गेला.

सारांश, मजुरीस संघ पुरतो. कायदा फिरविणे तर कायदा करणारे निवडावे लागतात, म्हणोन संघ निराळी मंडळी करितात. हल्ली मानाजीशेटही पालखीत झोप येत नाही म्हणोन कुरकुरतात. तेव्हां भोई हाक अंमळ उंच लावितात. इतके घडले, तितके सांगितले.